वाडगा दोनदा घडतो

दिवाळीची झाडलोट म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय घरांतले एक लहानसे उत्खननच असते. माळ्यावरची पेटी खाली येते आणि तिच्यातून काय काय बाहेर पडेल याचा नेम नसतो. कधी सुटे करून ठेवलेले पाळण्याचे खांब निघतात, कधी आजीचा लाखेचा करंडा, कधी ताक घुसळायची जुनी रवी, तर कधी आर हरवलेला एखादा भोवरा. घरातली गृहिणी यांतले निम्मे टाकायला काढते, घरातले वडीलधारे त्यातले निम्मे परत आत नेऊन ठेवतात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत सर्वत्र शांतता नांदते.

या सगळ्या वस्तूंत एक नाते आहे, ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या साऱ्या गोल आहेत आणि त्या साऱ्या कातारी नावाच्या कारागिराच्या हातून उतरलेल्या आहेत. सुतार आपल्याला ठाऊक असतो, कारण तो घरी येतो, चहा घेतो आणि सांगितलेल्या दिवशी येत नाही. कातारी मात्र बाजारात, आपल्या दुकानातच बसलेला असतो. दोघांच्या कामातला फरक एका वाक्यात सांगता येईल. सुतार लाकूड घट्ट धरतो आणि हत्यार चालवतो. कातारी हत्यार स्थिर धरतो आणि लाकूड फिरवतो. ज्या यंत्रावर ते फिरते त्याला कोणी खराद म्हणतात, कोणी सरळ लेथ म्हणतात. आपण लेथच म्हणू.

जुना लेथ अगदी साधा असे. कातारी जमिनीवर बसे. समोर दोन अडण्या, त्यांना दोन लोखंडी टोके आणि त्या टोकांच्या मध्ये अडकवलेले लाकूड. लाकडाला दोरीचे वेढे घातलेले असत आणि दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढायला एक जोडीदार, बहुधा घरातलेच कोणी तरी, समोर बसलेले असे. त्यामुळे लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. कापायचे ते पुढे फिरताना. मागे फिरताना हत्यार किंचित सैल सोडायचे. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ वाट पाहणे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळे आपल्या अनेक घरांत पोहोचली आहेत. ती घडवणाऱ्या चितारी कारागिरांची चितारआळी त्या गावात प्रसिद्धच आहे. हलका पांगारा हे तिथले खेळण्यांचे जुने लाकूड. कर्नाटकातल्या चन्नपटना गावी हेच काम काळ्या कुड्याच्या लाकडावर चालते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला चिकटते. मग केवड्याच्या जातीचे पान दाबून तिला चकाकी आणतात. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही.

असाच मागे-पुढे फिरणारा लेथ इंग्लंडातही होता. फरक एवढाच की तिथे जोडीदाराचे काम एक लवचीक काठी करी. पायटा दाबला की लाकूड पुढे फिरे आणि वर बांधलेली काठी दोरी मागे खेचून घेई. बर्कशायर परगण्यातल्या बकलबरी गावी जॉर्ज लेली नावाचे कारागीर अशा लेथवर एल्मच्या लाकडाचे वाडगे करीत. वाकड्या टोकाची हत्यारे वापरून ते एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढीत. म्हणजे मोठ्या वाडग्याच्या पोटातला लाकूडफाटा वाया जात नसे, त्यातून धाकटा वाडगा जन्माला येई. ते १९५८ साली वारले. त्यांचा लेथ आज रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

आता विजेची मोटर आली आणि जोडीदारही गेला, काठीही गेली. टेबलावर मावेल असा लहान लेथ आज कोणालाही विकत मिळतो. त्यामुळे एक नवीच मंडळी या कामाकडे वळली आहेत. कोणी नोकरीतून निवृत्त झालेले, कोणी दिवसभर संगणकासमोर बसून कंटाळलेले, कोणी मुले मोठी झाल्यावर मोकळ्या झालेल्या गृहिणी. हे पुरुषांचेच काम असे मात्र कोणी समजू नये. यात ताकदीला फारसा वाव नाही, आणि ज्यांना पोळी गोल लाटता येते त्यांचा हात अर्धा तयारच असतो.

नवख्या माणसाला पहिल्या दिवसापासून वाडगाच करायचा असतो. त्याचे कारण मोबाईलवर दिसणाऱ्या चित्रफिती. ओबडधोबड ओंडका लेथवर चढतो, लांबच लांब ओल्या साली भुरुभुरु उडतात आणि दहाव्या मिनिटाला आरशासारखा वाडगा टेबलावर येऊन बसतो. हे खोटे नसते. पण त्या दहा मिनिटांच्या मधून बहुतेक वेळा एक अख्खे वर्ष कापून टाकलेले असते. आजचा मुद्दा त्या कापलेल्या वर्षाविषयी आहे.

त्यासाठी आधी वाडगा आणि लाटणे यांतला भेद समजून घेऊ. लाटण्यात लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने असतात. ते फिरवले तरी हत्याराला सगळीकडून सारखेच लाकूड भेटते. म्हणून शिकाऊ माणसाने पहिले पाच-सहा दिवस लाटणीच करावीत. घरात आणि नात्यात ती खपतातही. वाडग्याची गोष्ट निराळी. त्यात रेषे आडवे असतात. एका फेऱ्यात हत्याराला दोनदा रेष्यांची बाजू भेटते आणि दोनदा त्यांची तोडलेली टोके. बाजू मऊ लागते, टोके कठीण लागतात. म्हणजे दिसायला गोल असला तरी हाताला तो चौकोनी भेटतो. म्हणून वाडग्याला दिशा पाळावी लागते. बाहेरून कापताना तळाकडून काठाकडे जायचे आणि आतून कापताना काठाकडून तळाकडे यायचे. असे केले की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रेष्याच्या पाठीशी दुसरा रेषा उभा असतो. उलट गेले की रेषे उचकटतात आणि मग कितीही पॉलिशपेपर घासला तरी ते खडबडीत ठिपके जात नाहीत.

दुसरी गोष्ट हत्यार धरण्याची. वाडग्यासाठी खोलगट, गोल धारेची लांब दांड्याची पटाशी लागते. तिच्या धारेमागे जो तिरपा उतार असतो, तो आधी फिरत्या लाकडावर टेकवायचा आणि मग हाताचा दांडा हळूच वर उचलीत धार लाकडाला भेटवायची. धार एकदम पुढे केली तर ती लाकडात रुतते, जोराचा हिसका बसतो आणि वाडगा लेथवरून निसटूही शकतो. माझे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाल्यावर या नादाला लागले. त्यांनी पुण्यातल्या एका वृद्ध कातारी कारागिराला चार रविवार घरी बोलावून घेतले. पहिल्याच दिवशी यांचे ओठ आवळलेले आणि मुठी पांढऱ्या पडलेल्या पाहून तो म्हणाला, “काका, जोर कशाला लावताय? लाकूड फिरतंय ना, म्हणजे ते येतंच आहे तुमच्याकडे. तुम्ही नुसती धार धरा.”

या एका वाक्यात शिकाऊ माणसाचे निम्मे शिक्षण आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जोर लावावासा वाटू लागला की धार बोथट झाली असे समजावे आणि लेथ थांबवून पटाशीला धार लावावी. एका वाडग्यात दहा वेळा लावावी लागली तरी कुरकुर करू नये.

स्नेह्यांच्या या नादामागे एक कारण होते. त्यांचा जुना वाडा पाडून तिथे इमारत उभी राहायची होती. वाडा पाच भावंडांचा. अंगणात आजोबांनी लावलेला आंबा होता. शहरातले झाड विनापरवाना तोडता येत नाही, त्यासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. तेव्हा रीतसर अर्ज झाले, परवानगी आली आणि झाड उतरले. कंत्राटदाराची माणसे ते जळाऊ लाकूड म्हणून नेणार होती. स्नेह्यांनी बुंध्याचे चार तुकडे मागून घेतले. वाड्याच्या हिश्शावरून भावंडांत वर्षभर बोलणे कमीच झाले होते. पैशांची वाटणी वकिलांनी केली. आंब्याची आपण करू, असा त्यांचा बेत होता. प्रत्येकाला एकेक वाडगा.

पहिला वाडगा त्यांनी महिन्याभरातच पुरा केला. बारीक काठ, सुबक तळ, वर तेलाची चकाकी. शेजारीपाजारी पाहून गेले. तिसऱ्या आठवड्यात रात्री कपाटातून काडकन आवाज आला. सकाळी पाहतात तो काठापासून तळापर्यंत बोट जाईल अशी भेग!

हे का झाले ते सांगतो. झाड तुटले तरी लाकडातले पाणी लगेच जात नाही. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळीत मोकळे असते आणि काही पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. मोकळे पाणी आधी उडून जाते; त्याने वजन घटते, पण आकार बदलत नाही. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरली की भिंतींतले पाणी सुटू लागते, आणि तेव्हा लाकूड आक्रसते. म्हणून भेग पहिल्या दिवशी पडत नाही, संकट टळले असे वाटल्यावर पडते. शिवाय लाकूड सगळीकडे सारखे आक्रसत नाही. लांबीत ते जवळजवळ आक्रसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे काही आक्रसते, आणि झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. या ओढाताणीत वाडगा एक तर लंबगोल होतो, नाही तर तडकतो. गोल तो राहत नाही.

याला उपाय एकच, आणि तो कातारी मंडळींना पूर्वीपासून ठाऊक आहे. वाडगा दोनदा घडवावा. पहिल्यांदा ओल्या लाकडाचा जाडजूड वाडगा करून ठेवावा, त्याला वाळू द्यावे, वेडावाकडा व्हायचा तेवढा होऊ द्यावे, आणि मग दुसऱ्यांदा लेथवर चढवून गोल करावा.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी कृती देतो.

ओंडका वाडग्याच्या व्यासापेक्षा थोडा जास्त लांब घ्यावा. तो मधोमध उभा चिरावा आणि मधला गाभा काढून टाकावा, कारण बहुतेक भेगांचे माहेर तिथेच असते. राहिलेल्या अर्ध्या तुकड्याची सपाट बाजू हा वाडग्याचा काठ आणि सालीकडची बाजू हा तळ. कोपरे करवतीने उडवून तुकडा गोलसर करावा. सपाट बाजूला लोखंडी तबकडी चांगल्या जाड स्क्रूंनी पक्की करून आधी बाहेरचा आकार काढावा आणि तळाशी एक छोटा गोल कंगोरा ठेवावा. मग वाडगा उलटा करून तो कंगोरा लेथच्या चकात पकडावा आणि आतून पोकळ करावा. या पहिल्या खेपेस भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवावी. २० सेंटिमीटरच्या वाडग्याला २ सेंटिमीटर. पातळ ठेवली तर वाळल्यावर वाकड्या वाडग्यातून गोल वाडगा निघायला लाकूडच उरत नाही. फार जाड ठेवली तर बाहेरची कातडी आधी वाळते, आतले अंग ओले राहते आणि तडा जातो.

मग जिथे रेष्यांची टोके उघडी दिसतात तिथे वितळलेले मेण लावावे, कारण पाणी तिथूनच सर्वांत घाईने पळते. तळावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहावे. वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा त्याच्याच भुशात पुरून, ऊन आणि पंख्याचा वारा लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. कागद ओलसर लागला की बदलावा, नाही तर आंब्यासारख्या लाकडावर बुरशीचे काळे डाग पडतात. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे. स्नेह्यांचा एक वाडगा पहिल्या दिवशी १३५० ग्रॅम भरला. महिन्याने १०८०, चार महिन्यांनी ९१०, आणि पुढे ८७० च्या आसपास घोटाळत राहिला. वजन घटायचे थांबले की वाडगा तयार झाला. याला सहा महिने लागतात, जाड लाकडाला वर्षही लागते. पावसाळ्यात लाकूड हवेतले थोडे पाणी पुन्हा पिते, तेव्हा त्या दिवसांत वजन किंचित वाढले तर घाबरू नये.

“अहो, माझा काटा वाडग्यांना, आणि साखर मी अंदाजाने मोजू का?” असे घरातून ऐकावे लागेल. त्याची तयारी ठेवावी.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. त्या वाचून मगच लेथचे बटण दाबावे. २० सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर त्याचा काठ ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने धावत असतो. १५०० फेऱ्यांना हाच वेग ताशी ५६ किलोमीटर होतो. वेग दुप्पट झाला की सुटलेल्या तुकड्याच्या माऱ्याची शक्ती चौपट होते. म्हणून ओबडधोबड लाकूड नेहमी सर्वांत कमी वेगाने सुरू करावे. बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने पुरते एक फेरा फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहावे, आणि सुरू करताना त्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल घालावी; नुसता चष्मा पुरत नाही. पदर, ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस, बांगड्या, गळ्यातली साखळी यांतले काहीही लेथजवळ नको, आणि हातमोजेही नकोत, कारण ते बोटासकट आत ओढले जातात. लेथ सुरू असताना लहान मुलाला त्या खोलीत येऊ देऊ नये.

धुळीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. पॉलिशपेपर घासताना चांगला मास्क घालावा आणि खिडकी उघडी ठेवावी. शिसवीची आणि सागाची धूळ काहींच्या अंगावर पुरळही उठवते. कण्हेर आणि बिट्टी ही झाडे विषारी आहेत. त्यांचे लाकूड खाण्याच्या भांड्याला कधीही घेऊ नये. आंबा, फणस, जांभूळ ही आपली ओळखीची फळझाडे बरी.

दुसऱ्यांदा घडवताना पहिली खेप आठवावी, पण घाई आठवू नये. वाळलेला वाडगा पाच-सात मिलिमीटरने तरी लंबगोल झालेला असतो. तो प्रथम हळू फिरवून गोल करावा, मग हव्या त्या जाडीपर्यंत न्यावा. त्यानंतर हत्याराचा टेकू बाजूला काढून जाड पॉलिशपेपरपासून बारीक पॉलिशपेपरपर्यंत क्रमाने घासावे. शेवटी तेल. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावण्याचा मोह होतो, पण ती वाळत नाहीत आणि पुढे वाडग्याला खवट वास येतो. अळशीचे तेल वाळते. मात्र ते खाण्याचेच घ्यावे. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंची द्रव्ये घातलेली असतात. पातळ थर द्यावा, पुसून काढावा आणि आठवडाभराने दुसरा द्यावा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगाळलेले फडके आपोआप पेटू शकते. ती पाण्यात बुडवून मगच टाकावीत, किंवा बाहेर सुटी पसरून वाळवावीत.

असा वाडगा पोळ्या, फळे, शेंगा, चिवडा यांना उत्तम. आमटी आणि ताक त्याच्या नशिबी नाही. धुवावा, पण भिजत ठेवू नये.

स्नेह्यांनी उरलेल्या आंब्यातून सहा वाडगे ओबडधोबड करून ठेवले. वर्षभर ते वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचे वजन होई आणि वहीत टिपले जाई. धाकट्या भावाने एकदा फोनवर सहज विचारले, “दादा, माझा किती ग्रॅमवर आला?” वाड्याखेरीज दुसऱ्या कशावर दोघे बोलले ते कितीतरी दिवसांनी तेव्हा. मग ते दर महिन्यालाच विचारले जाऊ लागले. नागपूरची बहीण विचारी, ठाण्याचा भाऊ विचारी. पावसाळ्यात वजन वाढले तेव्हा सगळ्यांनीच काळजी केली.

वाळताना दोन वाडगे तडकले. उरले चार, आणि भावंडे पाच. स्नेह्यांना चुटपुट लागून राहिली. भाऊबिजेला सगळे जमले तेव्हा त्यांनी चार वाडगे मांडले आणि थोरल्या बहिणीला म्हणाले, “ताई, माझ्यासाठी ठेवायचा नाहीये. हे तुम्ही चौघं घ्या.”

थोरल्या ताईंनी तडकलेल्यांपैकी एक मागवून घेतला. भेगेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “हा मला दे. त्या झाडावरून पडून माझा हात मोडला होता, तेव्हा तू जन्मालाही आला नव्हतास. वाती ठेवायला मला भेग कुठे आड येते?” पुढे त्या वृद्ध कातारी कारागिराने भेगेत लाख भरून दिली. लाल रेघ तेवढी दिसते.

वाचकहो, आपल्याकडे हाताने करण्याच्या कामाला बेताचाच मान आहे. मुलाने लेथवर बसायचे ठरवले तर आपण काळजीत पडतो आणि तोच लाकडी वाडगा एखाद्या प्रदर्शनात दिसला तर भारी किंमत देऊन विकत घेतो. एकदा स्वतः पटाशी हातात धरून पाहिली की कातारी मागेल त्या किमतीत घासाघीस करायला जीभ उचलत नाही, एवढा फायदा तरी निश्चित आहे. आपल्या गावात अजून एखादा कातारी असेल तर या सुट्टीत मुलांना घेऊन त्याच्या दुकानी जावे, अर्धा तास उभे राहून पाहावे आणि निघताना एक लाटणे घ्यावे.

आणि आपल्या सोसायटीत किंवा गावच्या घरी एखादे पडलेले झाड, एखादी पावसात मोडलेली फांदी असेल, आणि ती घेण्याची मालकाची परवानगी असेल, तर तिचा एक तुकडा जळणातून बाजूला काढून ठेवावा. गाभा काढून, टोकांना मेण लावून, सावलीत. लेथ शेजाऱ्याचा असला तरी चालेल, वर्ष मात्र आपले द्यावे लागेल. या दिवाळीत पहिली खेप केलीत तर तळावर तारीख लिहायला विसरू नका. पुढच्या दिवाळीची झाडलोट करताना पलंगाखालून ती हाती लागेल, आणि त्या वेळी ती टाकायच्या ढिगात जाणार नाही याची जबाबदारी घरातल्या सर्वांवर सोपवून आजचा निरोप घेतो. दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो.